खा नाम चा

२०१३ मधे बँकॉकला आले त्याच्या पहिल्याच महिन्यात टेबलावर एक व्हाउचर आलं. कस्टम्सच्या बिलांच्या गठ्ठ्यात मधेच खुपसलेला पिवळा कागद, तीन हजार बाट, आणि खाली थाईमधे काहीतरी गिचमीड. मला तेव्हा थाई शून्य. शेजारच्या टेबलावरच्या पीला विचारलं, हे काय? (पी म्हणजे ताई किंवा दादा, वयाने मोठं कोणीही असलं की पी. तिचं नाव इथे लिहीत नाही, पीच म्हणते.) ती जरा थांबली, मग स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली, "खा नाम चा." आणि कागदावर एकेक शब्द सुटा करून दाखवला. खा म्हणजे खर्च. नाम म्हणजे पाणी. चा म्हणजे चहा.

चहापाण्याचा खर्च! डोंबिवलीत वाढलेली, सीएची आर्टिकलशिप फोर्टमधे केलेली बाई मी, मला आधी हसूच फुटलं आणि मग थोडं घरच्यासारखं वाटलं हेही कबूल करते. तीन हजार किलोमीटर उडून यायचं आणि नव्या भाषेतला पहिला शब्द कुठला शिकायचा तर हा. पीने सांगितलं की एंट्री 'खा रापरोंग' या हेडखाली टाकायची, म्हणजे पाहुणचाराचा खर्च. त्याला इन्कम टॅक्समधे मर्यादा असते, विक्रीच्या नाहीतर भांडवलाच्या ०.३ टक्के, तेवढ्यात बसलं की कोणी विचारत नाही. मी टाकली एंट्री.

आता बारा वर्षं झाली त्याला. आणि या बारा वर्षांत थाई भ्रष्टाचाराबद्दल मी थाई लोकांकडून जेवढं ऐकलं त्याच्या दहापट इथे राहणाऱ्या परदेशी लोकांकडून ऐकलंय. कुठेही बसा, कंडोच्या स्विमिंग पूलवर, मुलांच्या शाळेच्या गेटबाहेर, गणपतीच्या आरतीनंतर खिरापत खाताना, कोणीतरी सुरू करणारच, की हे लोक ना, सगळे विकलेले. आणि सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं समाधान असतं, ते मला खूप उशिरा ओळखता आलं, कारण माझ्या चेहऱ्यावर पण तेच होतं.

आमच्या ऑन नुटच्या कंडोत स्कॉटलंडचे एक आजोबा राहतात. आयुष्य तेलाच्या रिगवर काढलेलं, सत्तरीचे, गल्लीतल्या कुत्र्यांना रोज संध्याकाळी भात घालतात, माणूस म्हणून सोनं. पण पाण्यात पाय सोडून बसले आणि दुसरा कॅन उघडला की थायलंडचं ऑपरेशन सुरू. पोलीस कसे, कोर्ट कसं, मंत्री कसे, "खालपासून वरपर्यंत किडलंय सगळं." मी मान डोलवायची. एकदा सहज विचारलं, तुमचं व्हिसाचं कसं करता हो? तर त्यांनी एखादा प्लंबर सांगतो ना नळ कसा बसवला तसं सांगितलं. पन्नाशीच्या पुढच्यांना रिटायरमेंट व्हिसा मिळतो, त्यासाठी इथल्या बँकेत ८ लाख बाट ठेवून दाखवावे लागतात. आजोबांकडे ८ लाख नाहीत. मग एजंट असतो, तो त्यांच्या खात्यात ८ लाख आणून ठेवतो, बँकेचं पत्र निघतं, शिक्का बसतो, पैसे परत जातात, आजोबा एजंटाला त्याची फी देतात. वर्षातून एकदा. ते स्वतः ऑफिसात जातसुद्धा नाहीत, पासपोर्ट मोटरसायकलवाल्याच्या बॅगेत जातो आणि येतो.

मी म्हटलं, आजोबा, मग ही फी कुठे कुठे जात असेल? ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "ते वेगळं. इथे असंच करतात."

हे "ते वेगळं" मला फार आवडतं. आपल्याकडच्या "आता काय करणार" चंच चुलत भावंडं आहे ते.

त्यांची चेष्टा करायचा मला हक्क नाहीये, तरी त्यांच्या देशाबद्दल एक सांगतेच. थाई सैन्याने जीटी-२०० नावाची बॉम्ब शोधायची यंत्रं घेतली होती, शेकड्यांनी, दक्षिणेकडच्या अशांत जिल्ह्यांत चेकपोस्टवर वापरायला. प्लॅस्टिकची मूठ आणि पुढे टीव्हीच्या जुन्या अँटेनासारखी काडी, आत काहीच नाही, अक्षरशः पोकळ. २०१० मधे सरकारने टेस्ट घेतली तर वीसपैकी चार वेळा बरोबर निघालं, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्या असत्या तरी चाललं असतं. विकणारा कोण, तर ब्रिटिश माणूस, त्याला तिकडे २०१३ मधे सात वर्षं झाली. आणि रोल्स रॉईसने २०१७ मधे ब्रिटनमधे सेटलमेंट केली त्या कागदपत्रांत थाई एअरवेजला इंजिनं विकताना १९९१ ते २००५ या काळात दिलेल्या पैशांचा हिशोब आहे, साडेतीन कोटी डॉलरच्याही वर. खाणारे थाई, हे बरोबर, पण वाढणारे कोण होते? पूलवरच्या गप्पांत वाढप्यांचा विषय कधी निघत नाही.

खाण्यावरून आठवलं. इंग्रजीत लाच घेतात. मराठीत आपण पैसे खातो, आणि थाईमधे पण खातातच, 'कीन' म्हणजे खाणे. जुन्या काळी राजाने एखाद्याला एखाद्या प्रांतावर नेमलं की पगार वगैरे नसायचा, तो तिथे जाऊन 'कीन मुआंग' करायचा, म्हणजे गाव खायचा. वर ठरलेलं पाठवायचं आणि उरलेल्यात आपलं भागवायचं. आपल्या वतनदारीची आठवण येते की नाही? अजून एक आहे, 'कीन ताम नाम', पाण्याच्या ओघाने खाणे. म्हणजे मी मागितलं नाही, वरून वाहत आलं, माझ्यासमोरून चाललं होतं, मी फक्त तोंड उघडलं. याच्याइतका अचूक शब्द मला मराठीत अजून सापडलेला नाही.

मराठी माणसाला थाई पेपर वाचताना एक वेगळीच मजा येते आणि ती त्या स्कॉटिश आजोबांना आयुष्यात येणार नाही. भ्रष्टाचाराला छापील थाई शब्द 'थुच्चरित', म्हणजे आपलं दुश्चरित. प्रामाणिक माणूस तो 'सुचरित'. माजी पंतप्रधान थाकसिन म्हणजे दक्षिण, आणि गडी पक्का उत्तरेचा, चिआंग माईकडचा. २०२५ मधे पंतप्रधान झालेले अनुतिन म्हणजे अनुदिन, रोजचं. आणि लष्करी उठावाला शब्द आहे 'रत्थप्रहान'. राष्ट्रप्रहार! मी पहिल्यांदा फोड केली तेव्हा अंगावर काटा आला. शब्द बनवणाऱ्याने काही लपवलं नाही, सरळ लिहून ठेवलं की हा प्रहार आहे, तरी १९३२ पासून डझनभर वेळा झाला.

त्यातला एक मी पाहिलाय. पाहिलाय म्हणजे घरात बसून. २०१४ च्या जानेवारीपासून शहर बंद पाडलं होतं आंदोलकांनी, असोकच्या चौकात तंबू, गळ्यात शिट्ट्या, दिवसभर शिट्ट्या, भ्रष्ट सरकार हटवा. मे च्या २० तारखेला पहाटे मार्शल लॉ, २२ ला संध्याकाळी सेनाप्रमुख टीव्हीवर आले आणि सत्ता घेतली म्हणाले. मग सगळ्या चॅनेलवर एकच चित्र, सैन्याची चिन्हं, मागे देशभक्तीपर गाणी. रात्री १० ते पहाटे ५ कर्फ्यू. आमच्या खालचं सेव्हन इलेव्हन मी तेव्हा पहिल्यांदा बंद बघितलं, ते दुकान बंद होऊ शकतं हेच माहीत नव्हतं, आत लाईट चालू आणि शटर अर्धवट, आणि दोन पोरी घड्याळाकडे बघत भराभर पाव मोजतायत.

त्या रात्री आईचा डोंबिवलीहून फोन. घाबरलेली. आणि मी तिला काय म्हणाले माहितीये? "अगं उलट बरं झालं. चोर होते सगळे. आता ट्रॅफिक तरी सुटेल."

आता ट्रॅफिक तरी सुटेल.

माझी एकटीची ही गोष्ट नाही, त्या आठवड्यात मला भेटलेले जवळजवळ सगळे परदेशी हेच बोलत होते, जर्मन, जपानी, आपले मारवाडी दागिनेवाले, सगळे. की लोकशाही यांना झेपत नाही, की कडक माणूस पाहिजे, की चला, आता रस्ते मोकळे. आपण जिथे मत देत नाही तिथल्या मतांची किंमत किती पटकन शून्य धरतो आपण! आणि इथे आमच्यापैकी कोणालाच मत नाही, कायम रहिवासी होण्याचा कोटा एका देशाच्या वर्षाला शंभर माणसांचा, नागरिकत्व तर त्याच्याही पुढे, बाकी आम्ही दर ९० दिवसांनी 'मी अजून इथेच राहते' असं कळवणारी माणसं.

ऑफिसात पी मात्र गप्प होती. ती उबोनकडची, ईशान्येकडच्या भातशेतीच्या भागातली. नेहमी जेवताना मला तिखट खाऊन दाखव म्हणून डिवचणारी बाई चार दिवस डब्यात मान घालून जेवली. पाचव्या दिवशी मीच मूर्खासारखं म्हटलं, तुझ्या बाबांचे पैसे आता मिळतील ना? कारण मला माहीत होतं, आधीच्या सरकारने शेतकऱ्यांचा भात टनाला १५ हजार बाटने घ्यायची योजना काढलेली, बाजारापेक्षा खूपच वर, त्यात घोटाळे झाले, गोदामं भरली, पैसे संपले, आणि तिच्या वडिलांचे पैसे महिनोन्महिने अडकलेले. लष्कराने आल्या आल्या पहिलं काम काय केलं असेल तर ते थकलेले पैसे वाटायला सुरुवात केली.

"मिळाले," ती म्हणाली. "बाबांनी घेतले. आणि घरी येऊन टीव्ही उलटा करून ठेवला, भिंतीकडे तोंड करून."

मला कळेना. म्हटलं, पण तेच सरकार खात होतं ना? ती म्हणाली, हो, खात होतं. बाबांना पण माहितीये. पण त्यांना बाबांनी बसवलं होतं, पुढच्या वेळी उठवलं असतं, आता यांना कोण उठवणार. एवढंच. मग डबा बंद केला आणि सिंकवर धुवायला गेली. तिच्या वडिलांसारख्यांना चौकातल्या शिट्टीवाल्यांनी मत विकणारे म्हैसडे म्हटलं होतं, 'क्वाय', म्हणजे म्हैस, म्हणजे इथल्या भाषेत ढ. ते मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर कळल्यावर तिच्याशी नजर मिळवायला बरेच दिवस गेले.

मधेच पोलिसाचं सांगते, नाहीतर वाटेल मी फार विचारवंत बाई आहे. २०१६ असेल, नवरा गाडी चालवत होता, सलग रेघेवरून यू टर्न घेतला आणि पुढच्याच सिग्नलला बाजूला घ्यायला सांगितलं. तो घट्ट तपकिरी युनिफॉर्म, गळ्याखाली मास्क, हातात पावती पुस्तक. लायसन्स मागितलं. तेव्हा नियम असा होता की लायसन्स ते ठेवून घ्यायचे, चिठ्ठी द्यायचे, मग तुम्ही चौकीत जाऊन दंड भरून सोडवून आणायचं, अर्धा दिवस गेला. नवऱ्याने लायसन्सच्या खाली शंभराच्या दोन नोटा घडी करून दिल्या. मी तेव्हा नीट बघितलं, कारण मला बघायचंच होतं. त्या माणसाने नोटांना हात लावला नाही. एकदाही नाही. त्याने पावती पुस्तक उघडून आडवं धरलं, लायसन्स दोन बोटांनी उचललं, नोटा आपोआप पानांत सरकल्या, पुस्तक मिटलं. मग लायसन्स परत, आणि एक सलाम. एवढी सफाई! आम्ही पुढे निघालो आणि शंभर मीटरवर दोघंही एकदम हसायला लागलो, सुटल्याच्या आनंदात, आणि रात्री मित्रांकडे हाच किस्सा रंगवून सांगितला, त्यात आम्ही हुशार आणि तो भ्रष्ट.

आपल्या मंडळींचं मत वेगळं असतं ते पण सांगायला पाहिजे. आजोबा लोकांना धक्का बसलेला असतो, आपल्याला बसत नाही. आपले लोक म्हणतात, "आपल्यापेक्षा बरं ना, इथे पैसे घेतात पण काम करतात." गेल्या गणपतीत हे वाक्य मी एका संध्याकाळी तीन जणांकडून ऐकलं. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या २०२४ च्या भ्रष्टाचाराच्या यादीत (जास्त गुण म्हणजे कमी भ्रष्टाचार) भारताला ३८ गुण आणि थायलंडला ३४, म्हणजे त्या यादीप्रमाणे तर आपण जरा वर आहोत, पण हे सांगितलं की लोक हसतात, की यादी करणाऱ्यांनी आपलं आरटीओ बघितलेलं नाही. खरं म्हणजे "काम करतात" हे कोणाचं काम? माझ्याकडे दोनशे बाट होते म्हणून माझं झालं. ज्याच्यासाठी ते दोनशे म्हणजे दिवसाच्या मजुरीचा अर्धा भाग आहे त्याचा अर्धा दिवस चौकीत गेला असणार. भ्रष्टाचार इथे कसा 'सुरळीत' चालतो याचं कौतुक करणारे आम्ही सगळे नोट असलेले लोक आहोत.

आणि गंमत बघा, आपल्याला इथे म्हणतात काय? गोरा तो फरांग आणि भारतीय तो 'खेक'. खेक म्हणजे पाहुणा. सीलोम रोडवरच्या मरिअम्मनच्या देवळाला सगळे वाट खेक म्हणतात, पाहुण्यांचं देऊळ. शब्द गोड आहे, वापर नेहमीच गोड नसतो, एक जुनी म्हणसुद्धा आहे की साप आणि खेक एकदम दिसले तर आधी खेकाला मार. तरीपण गणपती मात्र त्यांचा, प्रा फिकनेत, सरकारच्या ललित कला खात्याचं चिन्हच गणपती आहे. हुआय ख्वांगच्या चौकात मोठं गणपतीचं ठाणं आहे, रात्री उशिरापर्यंत लोक नवस बोलत असतात. त्याच राचादाफिसेक रस्त्यावर २०२३ च्या जानेवारीत पोलिसांच्या नाकाबंदीत एका तैवानी अभिनेत्रीची टॅक्सी अडवली, तिच्याकडे व्हेप सापडलं, जे इथे बेकायदा आहे, आणि २७ हजार बाट घेऊन सोडलं. तिने घरी जाऊन सांगितलं. पोलीस आधी म्हणाले असं काही झालंच नाही, मग म्हणाले झालं. प्रकरण गाजलं कारण ती पाहुणी होती. पी तेव्हा म्हणाली होती, आमच्या भावाचं २७ हजारांचं झालं असतं तर पेपरात किती ओळी आल्या असत्या? मी काही बोलले नाही. शून्य हे उत्तर दोघींना माहीत होतं.

वरच्या लेव्हलचे किस्से तर काय सांगू, सांगत बसले तर दिवाळी अंक होईल. २००१ मधे थाकसिनवर केस होती की कोट्यवधींचे शेअर्स मोलकरणीच्या, ड्रायव्हरच्या नावावर ठेवले आणि जाहीर केले नाहीत. आपल्या भाषेत बेनामी. ते म्हणाले अनवधानाने झालं. संविधान कोर्टात ८ विरुद्ध ७ मतांनी सुटले. २०१७ मधे लष्करी सरकारचे उपपंतप्रधान ग्रुप फोटोला उभे राहिले, ऊन डोळ्यावर आलं म्हणून हात वर केला, बाही सरकली आणि मनगटावर भारी घड्याळ चमकलं. मग लोकांनी जुने फोटो काढून काढून वीसच्या वर वेगवेगळी घड्याळं मोजली. ते म्हणाले, वारलेल्या मित्राची, वापरायला घेतली होती. भ्रष्टाचारविरोधी आयोगाने वर्षभराने मान्य केलं. मी ऑडिटर आहे हो, मला स्वप्नात पण असं एक्स्प्लनेशन कोणी दिलं नाही.

आणि सगळ्यात लाडका किस्सा खाऊच्या पिशवीचा. २००८ मधे थाकसिनच्या केसच्या वेळी त्यांच्या वकिलांच्या टीमने कोर्टातल्या अधिकाऱ्यांना 'खनोम' म्हणजे खाऊ म्हणून कागदी पिशवी दिली, आत रोख २० लाख बाट. तीन जणांना सहा महिने झाले. त्यातल्याच एकाला २०२४ मधे पंतप्रधान स्रेत्थांनी मंत्री केलं आणि त्यावरून संविधान कोर्टाने १४ ऑगस्टला पंतप्रधानांनाच घरी पाठवलं. परदेशी लोक खूश, बघा न्याय! पण त्याच्या बरोबर एक आठवडा आधी, ७ ऑगस्टला, त्याच कोर्टाने मूव्ह फॉरवर्ड पक्ष बरखास्त केला होता, २०२३ च्या निवडणुकीत ५०० पैकी १५१ जागा जिंकून पहिला आलेला, ज्याला २५० नेमलेल्या सिनेटरांनी आधीच सरकार करू दिलं नव्हतं. का बरखास्त केला, तर कलम ११२ बदलू म्हणाले होते म्हणून. ते कलम काय आहे ते तुम्ही शोधा, एका आरोपाला ३ ते १५ वर्षं आहेत एवढंच लिहिते. २०२५ च्या एप्रिलमधे उत्तरेकडच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या एका अमेरिकन प्राध्यापकावर ते लागलं, महिन्याभरात केस मागे पडली, पण व्हिसा गेला तो गेलाच आणि त्यांना देश सोडावा लागला. तर पूलवर भ्रष्टाचारावर मोठमोठ्याने बोलणारे आजोबासुद्धा हा विषय आला की आधी मागे वळून बघतात. पोलीस पैसे खातात हे बोलणं इथे अगदी सेफ आहे. म्हणूनच आम्ही सगळे तेच बोलतो बहुतेक.

चांगलं काहीच नाही असं नाही हां. चाडचार्त, हा २२ मे २०१४ ला, उठावाच्या दिवशी, मंत्री असताना सैन्याने ताब्यात घेतलेला माणूस, बरोबर आठ वर्षांनी २२ मे २०२२ ला बँकॉकमधून १३ लाखांच्या वर मतं घेऊन शहराचा गव्हर्नर म्हणून निवडून आला. त्याने ट्रॅफी फाँड्यू नावाचं ॲप शहराच्या कामाला लावलं, फोटो काढून टाकायचा, तक्रार. आमच्या सोईच्या, म्हणजे गल्लीच्या, तोंडाशी फुटपाथची लादी डुगडुगायची, पाऊस पडला की पाय ठेवला रे ठेवला पिचकारी पोटरीपर्यंत. मी फोटो टाकला, नऊ दिवसांत नवी लादी. कोणाला फोन नाही, कोणाचं सेन नाही.

हां, सेन राहिलंच. सेन म्हणजे दोरा, तंतू. नूडल्सच्या गाडीवर पहिला प्रश्न तोच, कुठलं सेन? 'सेन लेक' बारीक, 'सेन याय' रुंद. आणि हाच शब्द वशिल्याला. तुझं सेन आहे का, म्हणजे वरपर्यंत धागा आहे का. 'सेन याय' म्हणजे वशिला तगडा. मला हे पीनेच शिकवलं, गाडीवर उभं राहून. मी सेन लेक मागवलं की ती अजूनही म्हणते, बरोबर आहे, नॉन्ग (म्हणजे धाकटे), तुझं तेवढंच.

२८ मार्च २०२५, शुक्रवार, दुपारी दीडच्या आसपास. मला वाटलं चक्कर आली. मग पीने माझा दंड धरला आणि आम्ही जिन्याने धावलो. म्यानमारमधला भूकंप, हजारेक किलोमीटर लांब, पण बँकॉकच्या उंच बिल्डिंगांच्या गच्चीवरच्या पूलमधून पाणी धबधब्यासारखं खाली येत होतं. रस्त्यावर उभे होतो तेव्हा कोणाच्या तरी फोनवर व्हिडिओ आला, चातुचाककडची तीसएक मजली बांधकाम चालू असलेली बिल्डिंग, उभ्या उभ्या खाली बसली, धुळीचा ढग आणि पळणारे मजूर. एवढ्या मोठ्या शहरात अशी पूर्ण कोसळलेली उंच इमारत ती एकच. आणि ती कोणाची, तर सो-तो-ङोची. म्हणजे सरकारी ऑडिट ऑफिस. त्यांचं कॅग. दोनशे कोटी बाटच्या वरचं काम, सगळ्या देशाची बिलं तपासणाऱ्यांचं स्वतःचं घर. ऐंशीच्या वर माणसं गेली, बहुतेक मजूर, काही बर्मी, बरेच ईशान्येकडचे. नंतर तपासलेल्या सळयांत काही कमी दर्जाच्या निघाल्या.

पूलवर त्या आठवड्यात खूप चर्चा झाली. आजोबा म्हणाले, मी काय म्हणत होतो! आणि मला पहिल्यांदा ते ऐकवेना. पीच्या गावचं एक पोर त्या साईटवर होतं, सापडायला आठवडे लागले. तिने त्याबद्दल ऑफिसात एक शब्द काढला नाही, फक्त रोज सकाळी आल्यावर फोन उलटा ठेवायची, काचेची बाजू टेबलावर. मला तिच्या बाबांचा टीव्ही आठवला.

मग एप्रिलमधे, सोंगक्रानची, म्हणजे थाई नववर्षाची, सुट्टी संपल्यावर, माझ्यासमोर परत तो पिवळा कागद आला. आता तीन हजार नाही, महागाई आहे, ४,८०० बाट. बारा वर्षांत असे किती मी पोस्ट केले असतील, मोजलेले नाहीत, मोजता येतील खरं तर, सिस्टिममधे सगळे आहेत. त्या दिवशी काय झालं माहीत नाही, मी त्यावर लाल पेनाने लिहिलं, "रिसीट जोडा," आणि वर पाठवून दिलं. पीने बघितलं, काही बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी कागद परत आला, मागे खरंच रिसीट स्टेपल केलेली. हाताने लिहिलेली, शिक्क्यासकट. नूडल्सच्या दुकानाची. पीने ती उचलली, कॅल्क्युलेटर जवळ ओढला. "वाटी साठ बाट," ती म्हणाली, "ऐंशी वाट्या."

"ऐंशी? कुठल्या नूडल्स असतील?"

"सेन याय," ती म्हणाली, आणि दोघी इतक्या हसलो की पलीकडच्या केबिनमधून कोणीतरी डोकावलं.

मग मी सिस्टिम उघडली, खा रापरोंगमधे एंट्री टाकली. ०.३ टक्क्यांच्या आत बसत होती.